हक्क आणि राखण : महाराष्ट्राच्या खेड्यांचा पर्यावरणीय इतिहास

महाराष्ट्राच्या खेड्याचा इतिहास आपल्याकडे बहुतेक वेळा शेतसाऱ्याच्या हिशोबांतून, वतनांच्या कागदपत्रांतून आणि बखरींतून लिहिला गेला. गावाने चारा कुठून आणला, सरपण कोणत्या रानातून तोडले, उन्हाळ्यात पाणी कुणाच्या विहिरीवर भरले, ओढ्याकाठची झाडे कुणी राखली, हे प्रश्न त्यात क्वचितच येतात. खेड्यातल्या माणसाचा, आणि त्याहूनही खेड्यातल्या बाईचा, दिवस मात्र याच कामांत जायचा. निसर्गाशी त्यांचे नाते कामातून, गरजेतून आणि गावाच्या वहिवाटीतून घडत होते.

गेल्या पन्नास वर्षांत पुरातत्त्व, वनस्पतिशास्त्र, इतिहास आणि मानवशास्त्र अशा वेगवेगळ्या वाटांनी अभ्यासक या प्रश्नांकडे आले. त्यांनी जमवलेले एकत्र मांडून पाहिले तर एक गोष्ट वारंवार समोर येते. जिथे घेण्याचा हक्क आणि राखण्याची जबाबदारी एकाच हाती होती, तिथे पाणी, गवत आणि झाडे पुष्कळ काळ टिकली. हक्क एकाकडे आणि राखण दुसऱ्याकडे गेली, की ती व्यवस्था एक-दोन पिढ्यांत खिळखिळी झाली. याला एक मोठी पुस्ती जोडावी लागते. जुन्या वहिवाटीत गावातल्या सगळ्यांना सारखा हक्क कधीच नव्हता. ज्यांना पाण्यालाही हात लावू दिला नाही, त्यांच्या बाजूने हा इतिहास वाचला नाही तर तो अर्धाच वाचला असे होईल.

अस्पर्श रान कधीच नव्हते

पूर्वी सगळीकडे घनदाट अरण्य होते आणि इंग्रजांनी ते तोडले, अशी एक समजूत आपल्याकडे घट्ट रुजली आहे. तिच्यात तथ्य आहे, पण ती पुरी नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकरी वस्ती तिथे उजेडात आली. ही माणसे सातू पिकवत होती, गुरे आणि शेळ्या-मेंढ्या पाळत होती. पुराचे पाणी वळवून साठवण्यासाठी त्यांनी बांध घातला होता, पाट काढला होता. पुढच्या टप्प्यात चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली, शिकार आणि पशुपालन वाढले आणि अखेर गाव उठले. पाऊसमान घटल्यामुळे हे घडले, अशी मांडणी म. के. ढवळीकर यांनी केली. हवामान हे एकच कारण पुरेसे आहे का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण दख्खनचा माणूस तीन हजार वर्षांपूर्वीही पाणी अडवत होता आणि जमीन बदलत होता, एवढे नक्की.

पुढच्या शतकांविषयी सुमित गुहा यांचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन महत्त्वाचे ठरले. सह्याद्री आणि खानदेशातल्या रानांचा सातशे-आठशे वर्षांचा मागोवा घेऊन त्यांनी दाखवले, की भिल्ल, कोळी असे समाज जगापासून तुटलेले नव्हते. दऱ्याखोऱ्यांच्या वाटा त्यांच्या हातात होत्या, मैदानातल्या सत्तांशी त्यांचे व्यवहार आणि झगडे चालत. रान वाढणे किंवा मागे हटणे हे या राजकारणावरही अवलंबून होते. शांततेच्या काळात नांगर पुढे सरके. लढाई आणि दुष्काळात गावे ओस पडली, की झुडपे परत येत.

राज्यकर्त्यांनाही झाडांचे मोल कळत होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी स्पष्ट सूचना आहेत. आंबा, फणस अशी झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, तेव्हा त्यांना हात लावू नये. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊनच ते तोडावे, असा त्या सूचनांचा आशय आहे. इथे झाडाची काळजी आणि झाड वाढवणाऱ्याच्या हक्काची काळजी एकाच आज्ञेत आली आहे.

देवाच्या नावाने राखलेले

राखणीचे सर्वांत जुने आणि ठळक रूप म्हणजे देवराई. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना, विशेषतः पुणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर जिल्ह्यांत, गावाच्या देवाच्या नावाने सोडलेले रानाचे तुकडे आजही आहेत. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. आजूबाजूचे डोंगर उघडे पडले तरी देवराईत जुने वृक्ष, मोठ्या वेली आणि मूळच्या सदाहरित रानाचे अवशेष टिकले आहेत, हे त्यांनी दाखवले. अनेक देवराया ओढ्याच्या उगमापाशी आहेत. राई तुटली तर झरा आटेल, हे गावकऱ्यांना पक्के ठाऊक असते.

देवराई भक्तीमुळे टिकली की उपयोगामुळे, हा वाद जुना आहे. प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. देवाचा धाक होता म्हणून कुऱ्हाड थांबली, आणि झरा वाहता राहिला म्हणून धाकावरचा विश्वास टिकला. मात्र प्रत्येक देवराईत कुणालाच काही घेता येत नव्हते असेही नाही. कुठे वाळकी फांदी चाले, कुठे औषधापुरता पाला चाले, कुठे देवळाच्या कामापुरते एखादे झाड कौल लावून तोडले जाई. नियम बारीक होते आणि गावच ते पाळून घेत असे.

अलीकडे या राया दोन बाजूंनी कुरतडल्या जात आहेत. महसुलाच्या नोंदींत त्यांची मालकी कुठे सरकारची, कुठे वनखात्याची, कुठे देवस्थानची लागली आणि गावाची राखण कागदावरून पुसली गेली. दुसरीकडे लहानशा घुमटीच्या जागी सिमेंटचे मोठे देऊळ, सभामंडप आणि मोटारींसाठी रस्ता येतो. देवस्थान वाढते आणि राई आक्रसते. श्रद्धा आहे तेवढीच आहे, पण ती झाडांपासून सुटून इमारतीला चिकटली आहे.

पाणी वाटून घेण्याच्या रीती

मराठी मुलखात आणि शेजारच्या गोव्यात पाणी राखण्याच्या ज्या रीती उभ्या राहिल्या, त्यांतल्या तीन रीतींचा इथे विचार करावा लागतो.

पहिली खानदेश आणि नाशिककडची फड पद्धत. पांझरा, मोसम, आरम अशा नद्यांवर दगडी बंधारे घालून पाट काढायचे आणि पाटाखालचे सारे क्षेत्र तीन-चार मोठ्या फडांत विभागायचे, अशी ही किमान तीन-चारशे वर्षांची व्यवस्था. एका फडात त्या वर्षी एकच पीक. एका फडात ऊस असेल तर दुसऱ्यात धान्य, आणि पुढच्या वर्षी पाळी बदलायची. शेतकऱ्याची जमीन एकाच ठिकाणी नसे. निरनिराळ्या फडांत तिचे तुकडे असत. पाऊस कमी झाला की सगळे बसून ठरवत, यंदा कोणत्या फडाला पाणी द्यायचे आणि कोणता कोरडा ठेवायचा. प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात असल्यामुळे तोटा सगळ्यांवर सारखा पडे, एकट्याचे शेत वाळत नसे. पाटकरी पाणी सोडायचा, जागल्या पिकाची राखण करायचा, आणि त्यांचा मोबदला धान्यात मिळायचा. हंगामाआधी पाटातला गाळ काढायला प्रत्येक घरातून माणूस जायचा. पाण्याची टंचाई कशी वाटून घ्यावी, हे या पद्धतीने फार नेमकेपणाने सोडवले होते. वरच्या अंगाला मोठी धरणे झाली, शेतात वैयक्तिक विहिरी आणि पंप आले आणि बहुतेक फड मोडले.

दुसरी रीत पूर्व विदर्भातल्या तलावांची. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत गोंड राजवटीपासून हजारो तलाव बांधले गेले. त्यात कोहळी समाजाचे कसब मोठे. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव हा त्याच परंपरेतला. पुढे मालगुजार या तलावांची देखभाल करीत, म्हणून ते मालगुजारी तलाव झाले. तलावाखाली धान, तलावात मासे आणि कमळकंद, काठावर पाणपक्षी असा तो एकसंध संसार होता. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी जाणे न्यायाचेच होते. पण तलावाचा गाळ आणि पाळ सांभाळण्याची जबाबदारी त्या बदलात कुणाच्याच अंगावर नीट पडली नाही. तलाव उथळ झाले, बेशरमीच्या झुडपांनी भरले. अलीकडच्या वर्षांत ढीवर मासेमारांच्या संस्थांनी काही तलावांत पुन्हा स्थानिक पाणवनस्पती लावल्या, मूळच्या माशांच्या जाती परत आणल्या. तलावाची खरी जाण कुणाकडे आहे, ते या कामातून दिसते.

तिसरी रीत गोव्यातल्या खाजणांची. खाडीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून मिळवलेली ही शेती. बांधात बसवलेल्या मानशीच्या लाकडी झडपा भरती-ओहोटीच्या जोराने आपोआप मिटतात आणि उघडतात. पावसाळ्यात कोरगुटासारखे खारेपणा सोसणारे भात, आणि मानशीपाशी मासे. हे सारे ‘गावकरी’ ही गावाची संस्था सांभाळत असे. पोर्तुगीजांनी १५२६ च्या फोरालात गावकरीचे रिवाज लिहून घेतले आणि पुढच्या काळात तिचे रूपांतर कोमुनिदादीत झाले. मुक्तीनंतरच्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला जमिनीचे संरक्षण मिळाले आणि बांधाची जबाबदारी कूळ संघटनांकडे आली. अनेक ठिकाणी मात्र बांध फुटल्यावर तो बांधायला कुणी उतरले नाही. काही ठिकाणी शेतीपेक्षा मानशीवरच्या मासेमारीच्या लिलावाला किंमत आली आणि खारे पाणी शेतात राहू दिले गेले. मालकी बदलली, तिच्याबरोबर राखण बदलली नाही. विदर्भातल्या तलावांचे झाले तेच खाजणांचेही झाले.

या रीतींचे कौतुक करताना महाडचे चवदार तळे विसरून चालणार नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये केला आणि महाड नगरपालिकेने त्यानुसार तळे खुले केले, तरी दलितांना तिथे पाणी भरता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. पुढे कोर्टकज्जे चालले आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल दलितांच्या बाजूने लागला. त्या तळ्यावर गुरे पाणी पीत होती आणि माणसांना मनाई होती. पर्यावरणाच्या इतिहासात या सत्याग्रहाला पहिल्या रांगेत स्थान हवे. गावाचे पाणी म्हणताना गाव म्हणजे कोण, हा प्रश्न त्याने कायमचा उभा करून ठेवला.

सरकारचे रान

हक्क आणि राखण यांची सर्वांत मोठी फारकत एकोणिसाव्या शतकात झाली. १८३६ च्या सुमारास इंदापुरापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांची मोजणी सुरू झाली. शेत मोजले गेले, त्याला नंबर पडला आणि सारा ठरला. जे शेत नव्हते ते पडीक. १८४७ मध्ये मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन यांच्या हाताखाली वनखाते सुरू झाले. जहाजे, मग आगगाडीचे रूळ आणि शहरांचे बांधकाम यांना लाकूड हवे होते. १८६५ चा आणि त्याहून कडक असा १८७८ चा जंगल कायदा आला. गावाच्या वापरातली डोंगरउतारांची राने राखीव झाली आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराचे रूपांतर सवलतीत किंवा गुन्ह्यात झाले.

याचा घाव किती खोल होता ते राब या एकाच कामावरून कळते. कोकणात आणि घाटमाथ्यावर भाताचे रोप करण्याआधी वाफा भाजतात. फाल्गुन-चैत्रात ऐनासारख्या झाडांच्या फांद्या छाटायच्या, वाळलेला पाला, गवत आणि शेण वाफ्यावर थर देऊन पसरायचे, वरून माती लोटायची आणि पावसाआधी वाऱ्याचा रोख पाहून पेटवायचे. तणाचे बी जळते, राख खताला होते, माती भुसभुशीत होते आणि रोप जोमाने येते. त्यासाठी डोंगरावरच्या झाडांची छाटणी शेतकऱ्याच्या हातात असणे भाग होते. वनखात्याच्या लेखी ही नासधूस होती. शेतकऱ्याच्या लेखी राब नाही तर रोप नाही आणि रोप नाही तर भात नाही. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत असंतोष इतका वाढला, की सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी जंगल आयोग नेमावा लागला. राबाच्या तक्रारी त्या चौकशीचा मोठा भाग होत्या. ठाकूर, कातकरी यांची डोंगरउतारावरची दळीची शेतीही याच काळात आवळली गेली. खैरापासून कात काढणाऱ्या कातकऱ्यांचा धंदा खैर सरकारचा झाल्यावर बसला. त्यातले कितीतरी जण कोळशाच्या भट्ट्यांवर उचल घेऊन राबू लागले.

हे सर्वांत आधी आणि स्पष्ट सांगितले ते जोतीराव फुल्यांनी. १८८३ मध्ये पुऱ्या केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी लिहिले, की पूर्वी अल्पभूधारक शेतकरी रानातला पाला, फळे, लाकूड आणि एक-दोन जनावरे यांवर गुजराण करी. डोंगर, दऱ्या आणि गायराने जंगलखात्याने घशात घातल्यावर त्याला शेळी चारायलाही जागा उरली नाही. त्याच ग्रंथात उपायही आहे. सरकारने फौजेतल्या आणि पोलिसांतल्या रिकाम्या हातांकडून जागोजाग ताली-बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरून मग ओढ्या-नाल्याला मिळेल आणि कस वाहून जाणार नाही. पाणलोट विकासाची ही कल्पना आपल्या योजनांच्या शंभर वर्षे आधीची आहे.

१९३० च्या सविनय कायदेभंगात समुद्र नसलेल्या मुलखाने मिठाऐवजी गवत निवडले. १० जुलैला पुसदजवळ लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातले गवत कापून सत्याग्रह केला. बिळाशी, संगमनेर, बागलाण अशा कितीतरी ठिकाणी तो पसरला. २५ सप्टेंबरला उरणजवळ चिरनेर येथे पोलिसांनी गोळीबार केला, त्यात आगरी आणि आदिवासी शेतकरी मारले गेले. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात ही नावे येतात. पण लोक कापत होते ते गवत त्यांच्या गुरांसाठी होते आणि त्यावरचा जुना हक्क ते परत मागत होते, याला त्या इतिहासात फारशी जागा मिळत नाही.

स्वातंत्र्यानंतर कायद्याची चौकट बरीचशी तीच राहिली. १९२७ चा वन कायदा चालूच राहिला. विदर्भात निस्तारासाठी, म्हणजे गावाच्या चारा-सरपणासारख्या गरजांसाठी, सोडलेल्या झुडपी जंगलाचे भिजत घोंगडे इतकी वर्षे पडून होते, की ती जमीन वन आहे की नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाला २०२५ मध्ये निकाल द्यावा लागला. ती वनच आहे, असे न्यायालयाने सांगितले.

माळ कुणाचा?

रानाची बाजू मांडणारे पुष्कळ झाले. माळाला वाली कमी मिळाले. नगर, सोलापूर, सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांच्या पर्जन्यछायेत पसरलेले गवताळ माळ हे स्वतंत्र परिसंस्थेचे रूप आहे. माळढोक, लांडगा, काळवीट, खोकड, चंडोल यांचे ते घर. महसुलाच्या आणि वनखात्याच्या नोंदींत मात्र ते पडीक म्हणून लागले. पडीक सुधारायचे म्हणजे झाडे लावायची, या समजुतीने कित्येक माळांवर गिरिपुष्प, निलगिरी, सुबाभूळ यांच्या रांगा उभ्या राहिल्या. गवत मेले, आणि गवतावर जगणारे पक्षीही गेले. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले. त्याचा विस्तार कागदावर सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होता आणि त्यात गावे, शेते, रस्ते सगळे आले. लोकांच्या रोजच्या व्यवहारांवर बंधने आली. पुढे ते क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणले. पण तोवर माळढोक जवळजवळ नाहीसा झाला होता आणि गावांच्या मनात त्या पक्ष्याविषयी राग साठला होता.

या माळाशी सर्वांत जवळचा संबंध धनगरांचा. गुंथर सोन्थायमर यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे त्यांच्या वाड्यांबरोबर, म्हणजे फिरत्या तळांबरोबर, हिंडून धनगरांच्या देवांचा, ओव्यांचा आणि वाटांचा अभ्यास केला. पावसाळ्यात माण-फलटणकडे आणि पावसाळा सरला की कोकणाकडे, असा वाडा फिरतो. वाटेतला शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो. लेंड्या आणि मूत यांनी जमीन खतवली जाते आणि धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. लांडगा अधूनमधून कोकरू उचलतो. धनगर कुत्री बाळगतो, रात्री जागतो, नुकसान सोसतो, पण माळावरून लांडग्याचे नाव पुसायला निघत नाही. रासायनिक खत आले, बारमाही पाण्याची शेती वाढली, माळांना कुंपणे पडली आणि या देवघेवीच्या जागा घटल्या.

गायरानाचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तिथे दोन खरे हक्क समोरासमोर येतात. गुरांना चरायला जागा हवी, आणि भूमिहीनाला पोटासाठी जमीन हवी. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. मराठवाड्यात हजारो दलित कुटुंबांनी गायराने कसायला घेतली, मार खाल्ला, उभी पिके जाळली गेल्याचे पाहिले. एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय राज्य सरकारने १९९१ मध्ये घेतला, तरी कितीतरी कुटुंबांच्या नावे सातबारा झाला नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचे आदेश दिले. ते आदेश धनदांडग्यांच्या बांधकामांना लागू व्हायचे तिथे रखडले आणि दोन एकर कसणाऱ्याला नोटीस आधी पोचली. आता सौर प्रकल्पांसाठी गायराने दिली जात आहेत. सूर्याची वीज हवीच. पण गायरान रिकामे आहे असे धरून ती घेतली, तर १८३६ च्या मोजणीची चूक आपण पुन्हा करू.

धरण, ऊस आणि बोअर

विसाव्या शतकात खेड्याचा भूगोल पाण्याने बदलला. १९२१ मध्ये मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह मांडला, सेनापती बापट त्याचे नेते झाले. मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज आणि त्यासाठी मावळातली भाताची खाचरे पाण्याखाली, असा तो सौदा होता. सत्याग्रह हरला, पण धरणग्रस्तांच्या पुढच्या सगळ्या लढ्यांचा तो आरंभ ठरला. कोयनेने महाराष्ट्राला वीज दिली. तिथले विस्थापित पुनर्वसनासाठी दोन-तीन पिढ्या झगडत राहिले.

कालव्यांची सुरुवात दुष्काळाच्या धास्तीने झाली. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा निघाला, १९२६ मध्ये भंडारदरा पुरे झाले. जिरायत पिकांना संरक्षण देण्यासाठी आलेले हे पाणी उसाकडे वळले. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभारला. त्यातून खेड्यात शाळा आल्या, दवाखाने आले, शेतकऱ्याला मान आला, हे मोठे काम होते. पण लागवडीखालच्या जमिनीचा अगदी थोडा हिस्सा व्यापणारा ऊस राज्याच्या सिंचनाच्या पाण्याचा सिंहाचा वाटा घेऊ लागला. बीडसारख्या कोरड्या जिल्ह्यातले लोक दर हिवाळ्यात तो तोडायला बिऱ्हाड घेऊन निघू लागले. एका खोऱ्यातली समृद्धी आणि दुसऱ्यातले स्थलांतर हे एकाच पाणीवाटपाचे परिणाम आहेत.

१९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीने माणसे जगवली. पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते यांवर लाखो हात राबले आणि १९७७ मध्ये त्या कामाला कायद्याचा आधार मिळाला. त्याच काळात बोअरची यंत्रेही गावोगाव पोचली. दख्खनच्या काळ्या कातळात पाणी मुळातच थोडे मुरते. सामाईक झऱ्यातून आलेले पाणी ज्याचे बोअर खोल त्याचे झाले. भूजलासाठी १९९३ आणि २००९ चे कायदे झाले, पण शेजाऱ्याचे बोअर थांबवणे कोणत्याही गावात सोपे नाही. शेततळ्यांचेही तेच. पावसाचे पाणी साठवण्यासाठी आलेली योजना कित्येक ठिकाणी विहिरीतून उपसून प्लास्टिकच्या तळ्यात भरण्यापर्यंत गेली, आणि उन्हाळ्यात त्यातले पाणी उडून जाते.

याला तोंड देणारे प्रयोगही याच मातीत झाले. विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पुरंदर तालुक्यातल्या नायगावपासून १९७० च्या दशकात एक साधे तत्त्व धरले. पाणी जमिनीच्या मापाने न देता माणसांच्या संख्येने द्यायचे, माणशी अर्धा एकर भिजेल इतके. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा, आणि ऊस नाही. सांगली जिल्ह्यात येरळेकाठी मुक्ती संघर्ष चळवळीने वाळूउपशाला विरोध केला आणि मर्यादित वाळू विकून आलेल्या पैशातून, श्रमदानाची जोड देऊन बळीराजा धरण बांधले. हिवरे बाजारने १९९० नंतर सिंचनासाठी बोअर बंद केले, ऊस आणि केळी टाळली आणि दर वर्षी पावसाचे माप पाहून पिके ठरवण्याची रीत पाडली. हे प्रयोग सगळीकडे पसरले नाहीत, कारण पाणी वाटून घ्यायचे म्हणजे ज्याच्याकडे जास्त आहे त्याला थांबवणे भाग पडते. पण फड मोडल्यानंतरही वाटपाची बुद्धी शिल्लक होती, एवढे त्यांतून सिद्ध झाले.

पिके बदलली तसे घरातले प्राणीही बदलले. ज्वारी माणसाला भाकरी देई आणि गुरांना कडबा. विदर्भ-मराठवाड्यात तिची जागा सोयाबीनने घेतली. त्याने हाती रोकड आली, पण वैरण गेली. वैरण गेली तशी बैलजोडी गेली, आणि बैलाबरोबर शेणखत गेले. जमिनीचा कस कमी झाला, याचे एक कारण या साखळीत आहे. दुसरीकडे उसाच्या फडात बिबट्या राहायला आला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात केलेल्या अभ्यासात दाट वस्तीच्या, जंगल नसलेल्या शेतीच्या मुलखात बिबटे कायमचे राहत असल्याचे दिसले. महादेव कोळी आणि वारली वाघबारसेला वाघोबाला पुजतात. मोठ्या जनावराशेजारी राहण्याचा त्यांचा अनुभव पिढ्यांचा आहे. पण जुन्नर-शिरूरच्या ऊसपट्ट्यात रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला आणि उसाशेजारी पालात झोपणाऱ्या तोडकऱ्याच्या मुलांना सहजीवनाचा उपदेश पुरत नाही. दिवसा वीज, पक्के घर, अंगणात दिवा आणि वेळेवर भरपाई यांवाचून सहजीवन उभे राहत नाही.

राखण परत मिळाली तेव्हा

२००६ च्या वनहक्क कायद्याने पहिल्यांदा ऐतिहासिक अन्यायाची कबुली दिली. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने त्याआधीच ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ अशी घोषणा देऊन ग्रामसभा सर्वसहमतीने चालवायला सुरुवात केली होती. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी अभ्यासगटांतून ही रीत घडवली. २००९ मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकायला वाहतूक परवाना वनखात्याचाच लागे. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. बांबूच्या पैशातून गावाने मजुरी दिली, रानाची राखण केली, वणव्याच्या वेळी आळीपाळीने पहारा ठेवला. गडचिरोलीत शेकडो ग्रामसभांना असे हक्क मिळाले आहेत. सगळीकडे मेंढा (लेखा) गावासारखे घडले नाही. कुठे ठेकेदार शिरले, कुठे खाणीचा दबाव आला. पण हक्क मिळाला की लोक रान संपवतील, ही दीडशे वर्षांची सरकारी भीती मात्र खरी ठरली नाही.

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११ मध्ये नेमके हेच सुचवले. संवेदनशील क्षेत्रात काय चालावे हे वरून लादू नये, ग्रामसभांशी बोलून ठरवावे. अहवाल पुरता लोकांपर्यंत पोचलाच नाही. त्याच्याविषयीची भीती मात्र पोचली. २०१४ पासून मसुदा अधिसूचना पुन्हा पुन्हा निघत आहेत आणि त्या दरम्यान डोंगर फुटत आहेत, दरडी कोसळत आहेत.

अजून काय लिहायचे आहे

या साऱ्या अभ्यासात मोठ्या जागा रिकाम्या आहेत. सरपण, पाणी, शेण आणि बियाणे ही कामे बायकांची. त्यांचे निसर्गाचे ज्ञान कागदपत्रांत सापडत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी जमवलेल्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या हा त्यासाठीचा फार मोठा ठेवा आहे. पाऊस, बोर-बाभळ, नदी आणि माहेरची वाट यांच्याविषयी खेड्यातली बाई काय म्हणत होती, ते तिथे आहे. इतिहासकारांनी त्याचा उपयोग अजून पुरता केलेला नाही. दलित वस्त्यांचे पाणी आणि चारा यांचे अनुभव आत्मकथनांत विखुरलेले आहेत, ते एकत्र वाचायला हवेत. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्याची माळराने आणि विहिरी मुंबई इलाख्याच्या कायद्यांनी समजत नाहीत. त्याचा इतिहास वेगळा लिहावा लागेल.

जैवविविधता कायदा २००२ मध्ये आला आणि प्रत्येक गावाने आपली लोकजैवविविधता नोंदवही करावी असे त्यात ठरले. पुष्कळ ठिकाणी मुदत गाठण्यासाठी ती घाईने, बाहेरच्या माणसांनी भरली. तीच वही नीट, गावाने, वस्तीवस्तीत बसून लिहिली तर ती गावाचा पर्यावरणीय इतिहास होईल. कोणता ओढा कधी बारमाही होता, गायरान किती होते आणि कुणाकडे गेले, कोणत्या विहिरीवर कुणाला पाणी नाकारले जाई, कोणते गवत आता दिसत नाही, मेंढ्या कोणत्या महिन्यात यायच्या, हे सांगू शकणारी माणसे अजून आहेत. त्यांच्या नोंदी राब, फड आणि तलावाच्या इतिहासाइतक्याच मोलाच्या आहेत.

खेड्यांच्या भवितव्यावर बोलणारे दोन गट आपल्याकडे सतत भांडतात. एकाला निसर्ग माणसापासून वाचवायचा असतो, दुसऱ्याला माणूस निसर्गाच्या नावाने येणाऱ्या बंधनांपासून. आपल्या मुलखाचा इतिहास या दोघांनाही एकच सांगतो. गवत, पाणी आणि झाड राखायचे असेल तर त्यावर जगणाऱ्याच्या हाती हक्क द्या, आणि हक्कासोबत राखणीचे काम, त्याचा खर्च आणि त्याचा मान द्या. मात्र तो हक्क गावातल्या सर्वांत शेवटच्या घराला आधी मिळाला पाहिजे. फडाने टंचाई वाटून घ्यायला शिकवले आणि महाडने पाणी सर्वांचे असते हे शिकवले. या दोन्ही गोष्टी एकत्र धरणारी ग्रामसभा उभी करणे, हेच आज खेड्याच्या पर्यावरणाचे खरे काम आहे.